टिटवीचं रडणं

आमच्या धंद्यात तोंड दाखवावं लागत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, ज्यांना कुठेच तोंड दाखवायला जागा नाही ती माणसं इथे येतात. माझी सख्खी जाऊसुद्धा तेच म्हणते. म्हणू दे, तिच्या जिभेला कधी हाड होतं? परदेशी सिनेमातली माणसं आपल्या भाषेत बोलतात ती काय आपोआप बोलतात? काचेमागच्या बंद खोलीत कुणीतरी उभं राहून, पडद्यावरच्या ओठांबरहुकूम बोलून घसा कोरडा करतं, तेव्हा ती बोलतात. असल्या लोकांकडून काम करवून घेणं हा माझा उद्योग. सगळे मला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'कारलं' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

टिटवी माझ्याकडे आली तीच मुळी रडत. नाटकवाल्यांनी नाही म्हटलं होतं, मालिकावाल्यांनी नाही म्हटलं होतं. दात पुढे आणि उंची मागे, असा सगळा मामला. कुणीतरी सांगितलं की आवाजाचं काम कर, तिथे दात दिसत नाहीत. म्हणजे काय, सगळीकडून ओवाळून टाकलेलं माझ्या दारात!

मी म्हटलं, "हे बघ, रडायचंच असेल तर माइकसमोर रड. बाहेर रडून फुकट घालवू नकोस."

ती रडता रडता खिदळली. हसणं इतकं कर्कश की आमच्या रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचा हेडफोन उचलून धरला. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. ढगाआडचं विमान कुठल्या बाजूने चाललंय हे सांगणारा माणूस. तो म्हणाला, "बाई, ही पोरगी आहे की टिटवी?" झालं, तेच नाव पडलं.

पण तिने कागद हातात घेऊन चार ओळी वाचल्या आणि मी खुर्चीत सरळ झाले. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. आजकालची पोरं अर्धं वाक्य गिळतात आणि उरलेलं अर्धं नाकातून सोडतात. विचारलं, कुणी शिकवलं गं असं बोलायला?

"आईने," ती म्हणाली. "म्हणजे शिकवलं नाही तसं. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून घरात असंच बोलावं लागतं."

आई विणकामाच्या कारखान्यात होती. सगळी उमर यंत्रांच्या धडधडाटात गेली आणि कान तिथेच ठेवून आली. आवाज कानात शिरायचा, पण त्यातले शब्द वेगळे व्हायचे नाहीत. ती माणसाच्या ओठांकडे बघून समजून घ्यायची, आणि नाही समजलं तर हसून मान डोलवायची. अशाने एकदा शेजारणीच्या घरातल्या मयताची बातमी ऐकून 'अरे वा, छान' म्हणाली होती म्हणे. टिटवी हे सांगताना हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

मी तिला कामाला लावलं. या धंद्यात पहिल्या दिवशी कुणी राणी होत नाही. आधी गर्दीतला आवाज व्हायचं, मग बाजारातली भाजीवाली, मग कार्टूनमधली खार. टिटवीने खार केली, बेडूक केला, दात घासायच्या जाहिरातीतला किडा केला. रडणारी बाळं तर ढिगाने केली. मी ओरडायचे, ती ऐकायची. पडद्यावरची बाई श्वास घेते तिथे श्वास घे, गाढवे, तुझा तुझा घेऊ नकोस. शिकली. एवढी शिकली की बसमध्ये समोर बसलेल्या बाईबरोबर तिची छाती वरखाली व्हायला लागली.

आणि मग तिला मोठं काम मिळालं. सिनेमाची नायिका. मुख्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आम्ही सगळ्यांनी चहा मारला. टिटवी मात्र कप तसाच धरून बसली होती.

"आता काय बिनसलं?"

"आईला नाही ना ऐकू येणार," ती म्हणाली. "माझी खार नाही ऐकली तिने, बेडूक नाही ऐकला. टीव्ही कितीही मोठा केला तरी तिला नुसता गलका वाटतो. ओठ बघून तिला काय कळणार, ओठ दुसरीचे! डॉक्टर म्हणतात, एक कान गेलाच आहे, दुसराही जाणार. कधी ते सांगता येत नाही. सिनेमा लागेपर्यंत राहील का तो? बाई, तिने एकदा माझं काम ऐकावं. एकदाच. मग गेला तर गेला."

सिनेमा लागेपर्यंत एखादं काम बाहेरच्या माणसाला ऐकवायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम. मी तो नियम पाळण्याबद्दल प्रसिद्ध आहे. पण नियम करणारेसुद्धा कुणाच्या तरी पोटचे असतातच ना! म्हटलं, "घेऊन ये तिला. कुणाला बोललीस तर जीभ हातात देईन."

कुठला प्रसंग ऐकवायचा, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. सिनेमात एक जागा होती. नायिका लांबून घरी परत येते, घर रिकामं असतं, आई गेलेली असते. ती उंबऱ्यात बसते आणि रडते. आख्ख्या प्रसंगात एक शब्द नाही. रडण्याला शब्द लागत नाहीत, म्हणजे टिटवीच्या आईला ते कळणार. मोठा हेडफोन लावायचा, आवाज पूर्ण चढवायचा. कानसेनने कल्पना उचलून धरली. तो तर कामाला लागलासुद्धा, कुठलीशी वायर बदलली, कुठलंसं बटण साफ केलं.

आई आली ती इस्त्रीची साडी नेसून, केसाला तेल लावून, मुलीच्या कॉलेजात बक्षीस समारंभाला यावं तशी. मला वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, अहो, मी तुमच्याएवढीच आहे. ती म्हणाली, "हो हो, दोन साखर." मग टिटवीने तोंड समोर नेऊन सांगितल्यावर खो खो हसत सुटली. चांगली बाई होती. मला कुणी एवढ्या पटकन आवडत नाही.

आमच्या बाजूला, काचेच्या अलीकडे, तीन खुर्च्या असतात. एक माझी, एक कानसेनची आणि एक पाहुण्यांची. सिनेमाच्या मालकांकडून कुणी आलं की तिथे बसतं. आम्ही तिला त्या खुर्चीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला. काचेपलीकडे टिटवी उभी राहिली. मी सुरू करायची खूण म्हणून हात खाली केला.

ती रडली. काय रडली ती! आधी नुसता श्वास अडकला, मग आतून काहीतरी तुटल्यासारखा एक बारीक सूर निघाला, आणि मग बांध फुटला. पडद्यावरच्या बाईच्या ओठांशी केसभरही इकडेतिकडे नाही. मी या कामात केस पांढरे केलेत, पण चूक काढायला पेन्सिल उचललीच नाही. शेजारी बघितलं तर टिटवीच्या आईने दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला होता आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

टिटवी बाहेर आली. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. "ऐकलं गं," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. "सगळं ऐकलं! एवढीशी होतीस ना, तेव्हा अशीच रडायचीस. मधेच श्वास कोंडायचा आणि मला वाटायचं, आता काही ही परत श्वास घेत नाही. अगदी तशीच!"

टिटवी हसत होती आणि रडत होती. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. म्हटलं, चला, आयुष्यात एक तरी काम धड केलं.

दोघींना जिन्यापर्यंत सोडलं. मी परत आले तर कानसेन पाहुण्यांच्या खुर्चीजवळ उभा. चेहरा पांढराफटक.

"बाई, घोळ झाला."

"कसला?"

त्याने आधी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. मग सांगितलं. पाहुण्यांच्या हेडफोनात आम्ही नेहमी मूळ सिनेमाचा आवाज सोडतो. मालकांचा माणूस तिथे बसून मूळ आवाज ऐकतो आणि आमच्या कलाकाराचं तोंड बघतो, श्वास जुळतोय का ते तपासायला. वर्षानुवर्षांची पद्धत. त्या खुर्चीत माणूस बसला की कानसेनचा हात आपोआप ते बटण दाबतो. आजही दाबलं होतं. काचेपलीकडे टिटवी रडत होती, पण तिच्या आईच्या कानात परदेशातली ती नटी रडत होती.

मी कानसेनला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं आयुष्य कानावर काढलं आणि ऐन वेळी कुठे गेले होते तुझे कान? तो मान खाली घालून उभा होता. शेवटी मीच थकले. म्हटलं, गप्प बस. पोरीला सांगायचं नाही. येत्या आठवड्यात तिच्या आईला परत बोलवू, काहीतरी निमित्त काढू, पुन्हा ऐकवू. कुणाला कळणारसुद्धा नाही.

पण आपण ठरवतो एक आणि होतं भलतंच. आठवडा उलटायच्या आत टिटवी आली. आई सकाळी उठली तर कानात काहीच नव्हतं. गलकासुद्धा नाही. भांडं पडलं तरी वळून बघितलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले.

"पण बाई, तुमचे फार उपकार आहेत," टिटवी म्हणाली. "रडत नाहीये ती. सगळ्यांना सांगत सुटलीय, माझ्या कानाने जायच्या आधी माझ्या पोरीला ऐकलं, आता माझी काही तक्रार नाही. माझ्यासाठी फक्त एकच करा. त्या दिवशी रेकॉर्ड झालेलाच टेक सिनेमात ठेवा. नंतर कितीही चांगला झाला तरी दुसरा नको. आईने ऐकलेलाच हवा."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कानसेन, तो वेडा, ओंजळीत तोंड घालून हुंदके द्यायला लागला. मोठा बाप्या माणूस. टिटवीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रोज माणसांच्या तोंडांकडे बघून जगणारी पोरगी ती, तिच्यापासून काय लपणार?

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता. सांगताना वाटत होतं, आता ही किंचाळेल, काहीतरी फेकून मारेल. मारायला हवं होतं. ती नुसती पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोट फिरवत होती.

मग म्हणाली, "मला ते ऐकवा. तिचं."

कानसेनने लावलं. तिने हेडफोन चढवला आणि ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. शेवटी हेडफोन काढून म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली रडते."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं. "तुझं रडणं कुठे आणि—"

"नाही, खरंच. श्वास कोंडते ती, तिथे मी घेऊन टाकला होता. आईला तेच तर ओळखीचं वाटलं ना." ती उठली. "बाई, आपण हा टेक परत करू या. मला हिच्यासारखं रडायचंय. हुबेहूब."

"अगं, कशासाठी?"

"आईने जे ऐकलं ते माझं असायला हवं की नको?"

सगळा धंदा मीच तर शिकवला होता तिला, दुसऱ्याच्या श्वासावर श्वास ठेवायचा, आपला आपला घ्यायचा नाही.

दुपारभर ती तेच करत होती. माझं काम चुका काढायचं, म्हणून मी चुका काढत होते. इथे सूर जास्त चढला. इथे हुंदका लवकर आला. तो श्वास अजून थोडा धर. ती मान हलवायची, डोळे पुसायची, पुन्हा उभी राहायची. संध्याकाळकडे एक टेक असा झाला की कानसेनने दोन्ही आवाज एकामागोमाग लावले आणि आम्हाला दोघांना ओळखता येईना, कुठलं कुणाचं. कानसेनला ओळखता येईना, म्हणजे बघा.

मी माइकवरून म्हटलं, "ओके. झालं गं बाळा. हाच ठेवू."

पडद्यावरचा प्रसंग कधीच संपला होता. टिटवी थांबली नाही. हेडफोन गळ्यात, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि रडायला लागली. हे रडणं निराळंच होतं. बेसूर, घोगरं, मधेच नाक ओढणारं, मधेच 'आई गं, आई गं' म्हणणारं. कुणाच्या ओठांशी न जुळणारं. इतकी वर्षं तिच्याकडून काम करून घेतलं, पण हे मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

कानसेनने मला न विचारता रेकॉर्डिंग बंद केलं. मी दार उघडून आत गेले, तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ती बिचारी आई तेव्हा घरी भाकरी करत असेल, शेजारणीला तीच गोष्ट सांगत असेल.