आता वर विचारायचं नाही

केबिलीच्या प्रशिक्षण कार्यालयात नझीहाबाईंनी उभ्या नोकरीत एकच उत्तर दिलं होतं, फाइल वर गेली आहे. वर म्हणजे राजधानीत, ट्यूनिसला. नवा वर्ग उघडायचा, परीक्षक नेमायचा, दाखल्यावर सही करायची, सगळं तिकडून. तिकडून काही आलं नाही तर दोष बाईंवर येत नसे.

मग कायदा बदलला आणि मंत्र्यांनी हे अधिकार प्रांताच्या संचालकांकडे, म्हणजे इथे बाईंकडेच, सोपवले. नझीहाबाईंनी आदेश दोनदा वाचला. सवयीनं त्यांनी ट्यूनिसला फोन लावला. पलीकडचा साहेब हसला. म्हणाला, आता मी हो-नाही सांगितलं तर तोच नियमभंग होईल.

त्याच आठवड्यात दलंदा आली. ती खजूर भरायच्या कारखान्यात कामाला होती. ऐन हंगामात तिथलं कोल्ड स्टोरेज बंद पडायचं. गाबेसहून मेकॅनिक येईपर्यंत खजूर आंबायचा आणि बायका घरी बसायच्या. ते यंत्र दुरुस्त करायला आम्हालाच शिकवा, ही तिची जुनी मागणी. ठरलेलं उत्तर ऐकून उठायचंच आहे, म्हणून ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"फाइल आता वर जात नाही," नझीहाबाई म्हणाल्या. "अधिकार माझ्याकडे आलेत. पण जागा नाही, शिकवणारा नाही. उद्या कुणाला इजा झाली तर?"

दलंदानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "मॅडम, इतकी वर्षं नाही म्हणणारे ट्यूनिसला बसलेत, अशी आमची समजूत होती. आज नाही म्हणालात, तर तो नकार तुमचाच."

ते बाईंना लागलं. दुपारीच त्या हादीकाकांकडे गेल्या. काकांनी पूर्वी बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळली होती. बायकांना शिकवायचं म्हटल्यावर त्यांनी आधी नाक मुरडलं, मग हत्यारं मात्र मला हवी तीच, अशी अट घातली. खजुराच्या कारखान्याच्या मालकानं भंगारातला कॉम्प्रेसर दिला. कार्यालयामागच्या गोदामात वर्ग सुरू झाला.

परीक्षेला बाईंनी गफ्साहून परीक्षक बोलावला. सगळ्या पास झाल्या, दलंदा सोडून. घाईत तिनं गॅसचा दाब न बघताच झडप उघडली होती. बायका म्हणाल्या, वर्ग तिच्यामुळे झाला, करून टाका की सही. बाईंनी केली नाही. मात्र ते सांगायला त्या स्वतः तिच्या घरी गेल्या.

दलंदानं ऐकून घेतलं आणि चहा पुढे ठेवला.

"परत कधी?" तिनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात. तारीख मीच ठरवलीय."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. हंगामात यंत्र बंद पडलं, तेव्हा दलंदानं आधी दाब तपासला, मगच पाना हातात घेतला. संध्याकाळच्या आत खोली पुन्हा गार झाली आणि कुणालाही घरी जावं लागलं नाही.

नझीहाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या समोर दूझ गावच्या काही मुली बसल्या होत्या. त्यांना सौरपंप शिकायचे होते. शिकवणारा कुठून आणायचा, याचा बाई मघापासून विचार करत होत्या.