दोन पोती खुरासणी

पोशेऱ्याच्या आमच्या पाड्यावर कुणाचंही बाळ येऊ दे, पहिलं ते माझ्या हातावर येतं. फक्त माझा स्वतःचा नातू नाही आला. तो गेल्या साली भिवंडीकडं वीटभट्टीवर झाला अन् दुसऱ्याच दिवशी गेला. मी तेव्हा इथं तेलासाठी पेरलेली खुरासणी कापत होते. जाळायची होती ती खुरासणी!

म्हणून यंदा सून पोशीला आठवा लागला तसं मी सांगून टाकलं, "पोरी, तू हलायचं नाहीस. हे बाळ जिजाच्याच हातावर येणार."

नागली पावसानं बुडवली होती. उतारावरची खुरासणी तेवढी तगली, दोन पोती झाली. ती विकली की उन्हाळ्यापर्यंतचा तांदूळ येणार, मग भट्टीचं तोंड बघायला नको.

बाजारच्या दिवशी माझ्या पोरानं, विनोदनं पोती जीपच्या टपावर टाकली अन् आम्ही मोखाड्याला गेलो. बघतो तर तेलाच्या घाण्याला कुलूप! शेठ शेजारीच दुकानात बसला होता. वीस वर्षं माझी खुरासणी घेणारा माणूस, पण त्यानं पोत्यात हातसुद्धा घातला नाही.

"जिजाबाई, परत न्या. मलेशियातनं पामतेल बोटी भरभरून येतंय. आता सरकारनं त्या बाजूच्या देशांशी करारही केलाय, म्हणजे अजून स्वस्त होणार. तुमचं तेल कोण घेईल?"

"मलेशिया म्हणजे कुठं? नाशकाच्या पलीकडं?"

"समुद्राच्या पलीकडं."

"मग एवढ्या लांबच्या माणसांचं मी काय घोडं मारलं होतं?"

शेठ हसला. "तुमच्या घरी कुठलं तेल आहे, जिजाबाई?"

रेशनवरची पामतेलाची पिशवी घरी खुंटीला टांगलेली होती. स्वस्त मिळतंय म्हणून रांगेत सगळ्यात पुढं मीच होते. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कुणाला शिव्या देणार?

फारच गळ घातल्यावर त्यानं जो भाव सांगितला त्यात जीपचं भाडंही सुटलं नसतं. पोती परत आणली.

तिसऱ्या दिवशी भट्टीचा मुकादम देवराम ट्रक घेऊन पाड्याखाली आला. विनोद एकटा जायला तयार होता, पण भट्टीवर एकट्याला काम नाही. एकानं चिखल करायचा, दुसऱ्यानं विटा पाडायच्या. जोडीच लागते.

पोशी गाठोडं बांधायला लागली.

"ठेव ते खाली!" मी ओरडले. पदर खोचला अन् तरातरा ट्रककडं गेले. "देवराम, विनोदची जोडी मी."

"आये, हे काय वय आहे का तुझं?"

"मेल्या, तू पायाकडून जन्मलास. रात्रभर खपले तुझ्यापायी. तेव्हा नाही विचारलंस माझं वय!"

ट्रकमधली माणसं खो खो हसली. देवरामनं जरा विचार केला अन् म्हणाला, "बस." एवढ्या लवकर ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. मी तोऱ्यात गाठोडं वर टाकलं, चढले.

पोशीनं खालून माझा हात धरला. "आये, पण मग माझं कोण करंल?"

बया गं! रागाच्या भरात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवाळीनंतर पाड्यावर राहतं कोण? म्हातारी माणसं अन् कोंबड्या. माझा नवरा सावळा मागं उभा होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कळा आल्या की हिला झोळीत घालून रस्त्याला न्या, तिथनं गाडीनं दवाखान्यात," मी त्याला सांगितलं.

"कोणाच्या खांद्यावर?" सावळानं विचारलं.

काय सांगणार? उतरावं तर पोशीला चढावं लागेल. दोघींनी राहावं तर खायचं काय? दोन पोती खुरासणी शिजवून पोट भरत नाही.

ट्रक सुरू झाला. देवरामनं केबिनमधून मान बाहेर काढली. "आये, तू आलीस ते बेस झालं. भट्टीवर तीन बाया पोटुशा आहेत, घाबरून गेल्यात नुसत्या."

शेजारी बसलेला विनोद माझ्याकडं बघेना. मी तोंडात पदर कोंबून रडले. खाली रस्त्यावर पोशी पोट धरून उभी होती, अन् मी लोकांची बाळं हातावर घ्यायला चालले होते.