बुधवारच्या पेटीची कैफियत

मी बुधवारची पेटी बोलतेय. खरं तर न बोलणं हेच माझं काम. पण ज्यांच्या शब्दाखातर मी गप्प राहिले, त्यांनीच माझा केसाने गळा कापला. म्हणून आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म लिफ्टच्या कारखान्यात झाला. लिफ्टच्या आतल्या भिंतीसाठी आणलेली एक फळी दोन बोटं आखूड कापली गेली. सुतारमामांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात वरच्या ऑफिसातून कार्यक्रमवाल्या मॅडम खाली आल्या. त्यांना एक पेटी हवी होती. मामांनी दुपारभरात मला जोडलं, डोक्यावर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली आणि पितळी कुलूप लावलं. चुकीतून जन्मले याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. चुकीच्या हाती पडले याचं वाटतं.

वरच्या ऑफिसात लिफ्टचे नकाशे काढायचे. मी आले तेव्हा निम्मी माणसं घरून काम करायची, उरलेली येऊन-जाऊन असायची. खुर्ची कुणाच्याच मालकीची नव्हती. दोन वर्षं एकत्र काम केलेली दोन माणसं एकदा दारात समोरासमोर आली आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "अहो, तुम्ही एवढे उंच आहात?" बिचाऱ्याने त्यांना पडद्यावर फक्त खांद्यापर्यंत पाहिलेलं.

शेवटी मोठ्या साहेबांनी हुकूम काढला. बुधवारी सगळ्यांनी यायचं आणि जवळीक वाढवायची. हुकमाने जवळीक वाढत असती तर घरोघरी भांडणं कशाला झाली असती? तरी मॅडम मनापासून झटत होत्या, हे मी नाकारणार नाही. त्यांनी दोरीखेच ठेवली, तर एका बाजूची निम्मी माणसं घरून पडद्यावर हजर! ती बिचारी तिथून टाळ्या वाजवत बसली. मग मॅडमना माझी कल्पना सुचली.

नियम साधा होता. आपल्याबद्दल इतरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही, चिठ्ठी माझ्यात टाकायची. मॅडम एकेक काढून वाचणार, बाकीच्यांनी माणूस ओळखायचा. आणि एखादी गोष्ट नुसती लिहून मन हलकं करायचं असेल, तर चिठ्ठीचा कोपरा दुमडायचा. तशी हातात आली तर न उघडता परत आत जाणार.

"दुमडलेल्या कोपऱ्याची चिठ्ठी कुणीही वाचणार नाही. मीसुद्धा नाही. माझा शब्द आहे," माझ्या डोक्यावर हात ठेवून मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्या हाताचा मला केवढा अभिमान वाटला होता!

पहिल्या बुधवारी चिठ्ठी निघाली, 'मीटिंगमध्ये मी वर शर्ट आणि खाली पायजमा घालून बसतो.' कोण असेल, असं विचारताच सात हात वर आले. सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून लोक बुधवारची वाट पाहू लागले. दुमडलेल्या चिठ्ठ्याही वाढत गेल्या. कुणाचं घर मोडायला आलेलं, कुणाला या कामाचा वीट आलेला. माझं पोट जड होत गेलं, पण तक्रार नव्हती. इतक्या माणसांनी माझ्यावर विश्वासाने मान ठेवली होती.

फोनवाले काका आणि नकाशावाली ताई यांची गाठही माझ्यामुळेच पडली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन काका घ्यायचे. "घाबरू नका, मी आहे ना फोनवर," असं म्हणत दार उघडेपर्यंत बोलत राहायचे. त्यांची चिठ्ठी होती, 'मी स्वतः कधीही लिफ्टने जात नाही.' ताईने झटक्यात ओळखलं. जिन्यात धापा टाकत थांबलेले काका तिने पाहिले होते. तेव्हापासून दर बुधवारी दोघं चारही मजले गप्पा मारत जिन्याने उतरायची. काका तिची थट्टा करायचे, "अगं, लिफ्टचे नकाशे काढतेस आणि जिना झिजवतेस, कंपनी बुडवशील!"

एका बुधवारी ताईने चिठ्ठी लिहिली आणि कोपरा नखाने दाबून दुमडला. 'डाव्या डोळ्याने कमी दिसायला लागलंय. घरच्या मोठ्या पडद्यावर रेषा वाढवून काम बिनचूक करते. पण साहेबांना कळलं तर मोठी कामं माझ्याकडे राहणार नाहीत.' हीच गोष्ट तिने जिन्यात फक्त काकांना सांगितली. काका म्हणाले, "माझ्याजवळ राहील, बाळा."

त्यांच्याजवळ राहिली. माझ्याजवळ राहिली नाही.

वर्ष संपताना साहेबांनी मॅडमना विचारलं, "इतके बुधवार झाले. जवळीक वाढली याला पुरावा काय?" पुरावा! दुसऱ्या दिवशी भर दुपारी मॅडमनी मला रिकाम्या खोलीत नेलं आणि कुलूप काढलं. त्यांनी दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ केले. मी लाकडाची, मला ओरडता येत नाही. 'लोक इथे किती मोकळे होतात' हे दाखवायला त्यांनी दहा-बारा ओळी उतरवून साहेबांपुढे ठेवल्या. नावं नाहीत, म्हणून कुणाचं नुकसान नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. पण नकाशांच्या ऑफिसात माणूस अक्षरावरून ओळखतात. ताईचं अक्षर नकाशावरच्यासारखं सुटं, ताठ, मोजून ठेवलेलं. मॅडमनी चिठ्ठी उघडताच ते ओळखलं होतं. साहेबांनी डोळ्याची ओळ वाचून "ही कोण?" असं विचारलं, तेव्हा मॅडम घुटमळल्या. आणि मग त्यांनी सांगून टाकलं.

पुढच्या बुधवारी साहेब ताईला म्हणाले, "तुमच्या डोळ्यांची आम्हाला काळजी वाटते. रुग्णालयाच्या लिफ्टचं काम दुसऱ्याला देतोय." वर्षभर तिने त्या कामासाठी रक्त आटवलं होतं.

ताई तडक मॅडमकडे आली. मी टेबलावरच होते.

"मॅडम, खरं सांगा. पेटी उघडली होती का?"

"छे गं! कुलूप आहे की तिला. आणि मी शब्द दिलाय ना?"

मॅडमचा हात तेव्हाही माझ्यावरच होता. त्या क्षणी मला त्या हाताची शिसारी आली.

ताई वळली ती थेट काकांपुढे जाऊन उभी राहिली. "काका, पेटीला कुलूप आहे. चिठ्ठीवर नाव नाही. राहिलात फक्त तुम्ही."

"मी नाही सांगितलं गं. तुझी शपथ."

"माझी शपथ कशाला घालता? तुम्हाला आपलं माणूस समजले, हेच माझं चुकलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मॅडम चार हातांवर उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, हेही मी पाहिलं. रडायला धाडस लागत नाही. 'पेटी मी उघडली' हे तीन शब्द बोलायला लागतं. त्या डोळे पुसून आत निघून गेल्या.

ताईने बुधवारी येणं सोडलं. काका जिना एकट्याने उतरू लागले, कठड्याला धरून.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. मॅडमनी कार्यक्रम झोकात केला. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पडद्याच्या कोपऱ्यात ताईचा काळा चौकोन होता. कॅमेरा बंद, आवाज बंद. काका बोलायला उठले, त्या चौकोनाकडे बघत राहिले आणि नुसतं "सुखी राहा" म्हणून बसले. जाताना त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, कोपरा दुमडला आणि माझ्यात टाकली.

सगळे गेल्यावर मॅडमनी ती उघडून वाचली. मग कोपरा होता तसा दुमडून परत आत टाकली आणि कुलूप लावलं. म्हणे दिलेला शब्द पाळायला हवा! एवढ्या उशिरा आठवला त्यांना.

आता माझी रवानगी चहाच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर झाली आहे. बुधवार अजून होतात, पण माझ्याशिवाय. बाकीच्या चिठ्ठ्या मॅडमनी काढून टाकल्या, पोटात काकांची ती एकच चिठ्ठी आहे. 'बाळा, मी सांगितलं नव्हतं. तुझ्या मनात मी खोटा राहिलो, एवढंच बोचतं. डोळ्याला जप.'

जी राखायची ती मला राखता आली नाही आणि जी तिच्या हाती पडायला हवी ती पोटात घेऊन बसले आहे. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचा हात या कपाटावर पोहोचत असेल, तर माझी दयामाया करू नका. कुलूप फोडा, नाहीतर मलाच फोडा. कोपरा दुमडलेला दिसेल, तरी थांबू नका. ताईला फोन लावा आणि ही एवढी चिठ्ठी तिला मोठ्याने वाचून दाखवा.