भरल्या बॅटरीचा उतार

हनुमंतने ओतूरच्या भंगारवाल्याला शब्द देऊन टाकला होता : माणसं भरून व्हॅन आणे घाट चढली तर ठेवीन, नाहीतर तुम्ही न्या. ते ऐकून त्याची मुलगी हिरा एवढंच म्हणाली, "चालंल आप्पा."

हिरा फिजिक्सची पदवीधर. इंजिन निकामी झालेल्या घरच्या जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये तिने मेंढ्यांच्या वाड्याशेजारच्या छपरात विजेची मोटर बसवली होती. मंजुरी मिळालेलं किट, आरटीओचा कागद, सगळं रीतसर. मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती तिने पुन्हा पुन्हा लेथवर नेली. केसाइतका फरक तिला चालेना. हनुमंत येताजाता बघायचा. पोरीचा हात त्याला आवडायचा. लोकर कातरणाऱ्या जाणत्या माणसासारखा, घाई नसलेला.

सकाळी बॅटरी काठोकाठ भरून ते पठारावरून ओतूरला निघाले; घाट उतरायचा आणि परतताना चढून बघायचा. हिरा चालवत होती, शेजारी हनुमंत. मागच्या सीटवर हिराची आई चिमाबाई आणि शेजारचे सावळेराम.

"निघाली का रं हनुमंता? का अजून दारातच हाय?" सावळेराम म्हणाले. "काय आवाजच न्हाई."

"खिडकीतनं बघा की भावजी," चिमाबाई म्हणाली.

घाटाचा उतार लागला. पठारावर हिराने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप धिमी व्हायची. मोटरच जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरायची. आज पाय उचलला आणि व्हॅन मोकाट सुटली. दोन वळणं ब्रेकवरच काढून तिने कडेच्या रुंद जागेत गाडी उभी केली.

"बिघडली?" हनुमंतने विचारलं.

हिरा पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. मग हसली. "न्हाई आप्पा, मीच चुकले. चाचणीच्या वेळी बॅटरी कधी पूर्ण भरलेली नसायची. आज भरून उतारावर आणली. वीज घ्यायला जागाच न्हाई, म्हणून मोटर गाडीला धरत न्हाई."

"भरल्या पोटी मेंढरू चरत न्हाई."

"तेच. आता थोडी वीज खर्चायची. परत वर जायचं."

"खाली जायला वर?" सावळेराम म्हणाले. "ह्या पोरीचं शास्त्र लई न्यारं."

हिराने व्हॅन वळवली. समोर कांद्याचा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होता. हनुमंतची नजर मुलीच्या पायावर होती. तो पाय जरासा खाली गेला आणि चार माणसांसकट व्हॅन टेम्पोला मागे टाकून, दम न लागता माथ्यावर आली. 

पठारावर थोडी फिरवून, आणखी वीज खर्चून हिराने ती पुन्हा उताराला लावली. हिराने पाय उचलला. या वेळी व्हॅन स्वतःला आवरत, वळणामागून वळण अलगद उतरली.

"आता घरनं निघताना बॅटरीत थोडी जागा ठेवायची," हिरा म्हणाली. "उरलेली घाटच भरंल."

हनुमंतने फोन लावला. "भाऊ, वाट बघू नका. व्हॅन चढली."

पलीकडून भंगारवाला म्हणाला, "अवो, तुमी अजून घाट उतरून हितं आलाच न्हाई की. मग चढली कवा?"

"ते लई लांबलचक हाय. पोरगी मोकळी झाली की तिच्याकडनंच ऐका," हनुमंत म्हणाला. "आत्ता ती गाडी चालवतीय."