येता-जाता हलवलेले गोटे

दुपारी काचेच्या टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं, तेव्हा गोकुळानं स्टूल ओढलं. दोन्ही नारिंगी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. प्रवाळांनी अंग आखडून घेतलं होतं. त्यात ब्रह्मपुरीतली लाईट सकाळीच गेलेली, आणि बॅटरीच्या पंपाची हवा आता पुरेना.

तिचा मुलगा निकेश नागपूरहून बापूरावांना घेऊन निघाला होता. बापूरावांचं तिथे शोभेच्या माशांचं दुकान. समुद्रापासून इतक्या लांब निकेशनं प्रवाळ जगवलेत हे डोळ्यांनी पाहिलं, तरच ते त्याला कामावर घेणार होते.

जाताना त्यानं आईला नीट समजावलं होतं. टाकीला जोडलेल्या नळकांड्यात झिओलाइट नावाच्या सच्छिद्र दगडाचे गोटे आहेत, त्यांच्यावर जिवाणू वाढतात. नळकांड्याचा दांडा सकाळी एकदाच वरखाली करून गोटे हलवायचे. थोडा गाळ सुटतो, तो प्रवाळांचं खाणं. मग जिवाणूंसाठी बाटलीतले थेंब, मोजून.

थेंब तिनं मोजूनच घातले. दांड्याचं मात्र तिला राहवेना. ढिवराची लेक ती. माहेरी मासळीचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, हंडीतून नेताना हंडी सारखी हलवत राहायची. हात थांबला की बीज मेलं. गोट्यांवर जीव आहे म्हटल्यावर निकेश गेल्यापासून तिचा हात येता-जाता दांडा हलवत राहिला. बराच गाळ टाकीत उतरला.

आता ती स्टुलावर चढून तळहातानं पाणी थापटत होती, हवा मिसळावी म्हणून. खांदा भरून आला होता.

नवरा केवळराम दारातून म्हणाला, "लाईट गेली म्हनून सांग. लाईटले कोन जाब विचारते?"

तेवढ्यात ते दोघे आलेच. टाकी पाहून निकेश जागीच थबकला. बापूरावांनी पाण्याचा वास घेतला. केवळरामनं विचारायच्या आधीच लाईटचं सांगून टाकलं.

लाईट तर इकडे रोजच जाते, बापूराव म्हणाले, मग ही टाकी इथं टिकायची नाही. त्यांनी पिशवी उचलली.

"लाईटनं नाई झालं," गोकुळा म्हणाली. तिचा हात थापटतच होता. "रोज जाते लाईट. बॅटरीच्या पंपावर चांगले राह्यतेत हे. गोटे मीच हलवले, येता-जाता."

"काऊन पन, माय?"

"हंडीतल्या बिजावानी वाटले मले."

निकेशनं तोंड फिरवलं. बापूरावांनी मात्र पिशवी खाली ठेवली. लाईट यायच्या आत नळकांडं काढ, नाहीतर त्याची मोटर उरलेला गाळही टाकीत फेकेल, असं त्याला बजावलं. तो धावला.

एक मासा कलायला लागला होता. बापूरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"सरका बाई. हात दुखला असन तुमचा. असंच थापटायचं ना?"

"थोडं जोरानं," गोकुळा म्हणाली.