पारड्यातला गूळ

मित्रांनो, मी एक जुना तराजू. पितळेचा, दोन पारड्यांचा आणि थोडा गर्विष्ठ. हैदराबादच्या काचीगुड्यात एकनाथरावांच्या किराणा दुकानात तीस वर्षं मी डाळ-तांदूळ तोलले. "हा तराजू गुंजभरसुद्धा खोटं बोलत नाही," असं बायका म्हणत, आणि मी फुगत असे. मग बटणांचा काटा आला. मी माळ्यावर गेलो आणि किती धूळ खाल्ली ते मलाच माहीत.

तिथून मला खाली आणलं ते मराठी शाळेतल्या चारुलता टीचरांनी. चिंचेने लख्ख घासून त्यांनी मला दुसरीच्या वर्गात टेबलावर टांगलं, शेजारी खड्यांची परडी ठेवली. "मन जितकं जड, तितके खडे पारड्यात टाकायचे. मग वाटलं तर सांगायचं." मला हसूच आलं. मन म्हणजे काय शेंगदाणे? पण ज्या पोरांना राग कुठला नि भीती कुठली हे उमगत नव्हतं, ती दोन खडे टाकून बोलू लागली. इतक्या हळुवार हाताने मला कुणी वापरलं नव्हतं.

एके सकाळी संदेशने अख्खी परडी ओतली. पारडं दाणकन टेबलाला टेकलं. हा बडबड्या आठ दिवस गप्प होता. नेमके तेव्हाच एकनाथराव मुलांसाठी गुळाची ढेप घेऊन आले होते. कललेला तराजू त्यांना कसा बघवेल!

"तोंड पाडून कायकू बसलास रे?" म्हणत त्यांनी ढेप दुसऱ्या पारड्यात ठेवली. दांडी सरळ झाली. "हे बघ, झालं बरोबर!"

संदेश हळूच म्हणाला, "काका, गूळ ठेवला तरी माझे खडे तेवढेच हायेत ना?"

एकनाथरावांनी ढेपेवरचा हात काढून घेतला. टीचर संदेशजवळ खाली बसल्या. "हौ बाळा, तेवढेच आहेत. कशाचे आहेत?"

"मी 'नक्को' म्हणलं की गौरी हसती. मग सगळेच हसतेत. मला बोलायचीच शरम येते."

पुण्याहून नवी आलेली गौरी गोरीमोरी झाली. ती उठली आणि तिने पारड्यातून ओंजळभर खडे उचलले. "यातले थोडे माझे आहेत," ती म्हणाली. "मला इथे कुणी मैत्रीण नाही. मी हसले की सगळे माझ्याकडे बघतात."

गुळाचं पारडं खाली आलं. टीचरांनी ढेप फोडली आणि गुळाचा पहिला खडा संदेशने गौरीला दिला.

मित्रांनो, दांडी सरळ झाली की सगळं ठीक, असं मी जन्मभर समजत होतो. कुणाचं पारडं खाली गेलेलं दिसलं, तर गूळ जरूर द्या, पण मागाहून. आधी विचारा, खडे कशाचे आहेत.