मालू उठेल तेव्हा

माझ्या जावेला, यशोदावयनीला, मेल्यावर जाळून घ्यायचं नव्हतं. तिला पुरून घ्यायचं होतं. पेडण्यातल्या हिंदू घरातली, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न पिणारी बाई ही. आणि एके दुपारी तिने माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"लक्ष्मी, माका जाळू नकात. पुरा. माझ्या झिलांक तू सांगतलंस. घे आण."

"संन्याशाक पुरतत, आणि दात येवक नाय त्या पोराक," मी म्हटलं. "तू ह्यातली खयची?"

एरवी ती हसली असती. "मालू उठतली तेव्हा मी राख होवन तिका खय सोधू?" ती म्हणाली. तिच्या मुलांना सांगायची आण मी घेतली. न घेऊन सांगते कोणाला?

मालू म्हणजे तिची मुलगी मालती. तुयेच्या कारखान्यात कामाला जायची, तिथे तिला इनास भेटला, आणि म्हापशापलीकडच्या त्याच्या गावी तिने चर्चमध्ये लग्न केलं. माझे थोरले दीर सगुण मास्तर, म्हणजे मालूचे वडील. त्यांनी त्याच आठवड्यात भटजींना बोलावून जिवंत मुलीच्या नावाने पिंड दिले आणि डोक्यावरून आंघोळ केली. मास्तर शाळेत शुद्ध मराठी शिकवायचे, मराठीच्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडायचे. मुलीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा कुठल्याच भाषेत घेतलं नाही. दोन वर्षांत मालू काविळीने खरोखरच गेली. "तिचं एकदा केलंय," ते म्हणाले, आणि पेपर वाचू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दिरापुढे बोलायची पद्धत नव्हती आमच्यात.

आम्ही दोघी बाजाराचं निमित्त करून इनासच्या गावी गेलो. त्यांच्या दफनभूमीला तिकडे सिमितेर म्हणतात. आत जायचं धाडस झालं नाही. भिंतीबाहेरूनच पेटी खाली जाताना बघितली. लोक पांगल्यावर म्हातारा पाद्री वयनीजवळ आला. वयनीचा चेहरा बघून त्याने ओळखलं असावं.

"रडूं नाका, बाय. तुझी धूव न्हिदल्या. शेवटच्या दिसा देव तिका उठयतलो. हीच कूड उठतली."

हीच कूड. हेच शरीर. मुलगी झोपली आहे, याच शरीराने उठेल, वयनीने तेवढं धरून ठेवलं. बसमध्ये ती मला समजावत होती, "आमच्यात काय गो? आज हय, उद्या खयच्या कुत्र्या-मांजराच्या पोटात. मगे माका आवय म्हणान कोण वळखतला? त्यांच्यात तसा नाय. तोच चेरो, तेच केस. मालू उठतली ती मालूच." आमच्या धर्मात तिच्या मुलीला जागाच उरली नव्हती. बापाने जितेपणीच ती पुसली होती. मग ज्यांनी जागा दिली त्यांचं तिने खरं मानलं, यात तिचं काय चुकलं? मला यातलं काही पटत नव्हतं, पण ती जेवू लागली होती, म्हणून मी गप्प राहिले.

त्यानंतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो की आम्ही सिमितेरात जायचो. भिंतीकडेचा मालूचा फोंड, म्हणजे तिची कबर, वयनी पदराने झाडायची आणि त्यावर अबोलीची फाती, आमचा गजरा, ठेवायची. तिथली माती ती मुठीत घेऊन बघायची. "सुकी आसा. बरी आसा," म्हणायची. तिला वाटे, हे लोक माणसाला जाळत नाहीत म्हणजे जपून ठेवतात. मलाही तसंच वाटे. आम्हाला काय माहीत!

गोवा राज्य झालं त्या वर्षी पावसाळाभर जमलं नाही, नोव्हेंबरात गेलो, तर मालूच्या फोंडावर दुसराच क्रूस. नवा, काळा, एका टक्कल पडलेल्या म्हाताऱ्याचा फोटो लावलेला. वयनीला वाटलं, रांग चुकली. तिने भिंतीपासून पुन्हा मोजलं. मग मी पाद्रीला बोलावून आणलं.

तोच पाद्री. तो ओशाळला. "बाय, जागा उणी. तीन वर्सां जालीं काय फोंड उकते करतात. इनास तारवार गेला, घरचें कोण आयलें ना. हाडां थंय दवरल्यांत."

इनास बोटीवर नोकरीला गेलेला, म्हणून कोणाला न विचारता फोंड उघडून हाडं तिथे टाकली होती. तिथे म्हणजे कोपऱ्यातल्या बुटक्या खोलीत. भिंतीला एक खिडकी, आत खोल खड्डा. वयनी वाकली. मीही वाकले. कवट्या, मांड्यांची हाडं, फासळ्या, सगळं एकात एक. मालूचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. वयनी एकेका कवटीचे दात निरखत राहिली. बऱ्याच जणांना दातच नव्हते.

"ह्यातली माझी खयची?" तिने विचारलं.

"देवाक सगळीं कळटात, बाय. एकूय चुकचें ना."

"देवाक कळतली," वयनी म्हणाली. "माका?"

पाद्रीचा स्वतःचा विश्वास खरा होता, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. देवाला त्याची माणसं सापडतील, पण या बाईला तोच चेरो हवा होता, तेच केस. आवय म्हणून, आई म्हणून, तिला कोणी ओळखायला हवं होतं. आणि इथे आवयलाच लेक ओळखता येत नव्हती.

वयनी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. फाती तिने हातातच ठेवली. म्हापशाच्या स्टँडवर बसमध्ये बसल्यावर तिने ती माझ्या आंबाड्यात खोवली.

"माळ गो. फुकट सुकतली."

मी मान खाली घालून बसले. गाडी सुरू झाली तेव्हा तिने माझा हात पुन्हा डोक्यावर ठेवून घेतला.

"ती आण सोड, लक्ष्मी. माका जाळा."

"वयनी—"

"आणि नीट जाळा. हाड म्हणान मागे रवता नये."

मी बरं म्हटलं. कंडक्टर आला, मी दोन पेडणे मागितली.